सहलीचे जहाज आणि साथीचे नियम

मुंबईच्या इंदिरा गोदीत, बॅलार्ड पिअरच्या काठी, सहलीच्या जहाजांसाठी उभारलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय स्थानकाचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. एका वेळी पाच जहाजे लागावीत आणि वर्षाकाठी दहा लक्ष उतारूंची ये-जा व्हावी, असे त्याचे मान सांगण्यात आले आहे. त्याच्या वर्षभर आधी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, याच बंदरातून केंद्र सरकारने सागरी सहलींच्या वाढीची 'क्रूझ भारत' मोहीम सुरू केली आणि पाच वर्षांत उतारूंची संख्या दुप्पट करण्याचा संकल्प सोडला. आम्ही या दोहोंचे स्वागतच करतो. भाऊच्या धक्क्यावरून कोकणची आगबोट पकडून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण करीत ज्यांनी निम्मे आयुष्य काढले, त्या चाकरमान्यांच्या नातवंडांना आता समुद्र केवळ मौजेसाठी पाहावयास मिळत असेल, तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काहीच नाही. आजोबा गाठोड्यावर डोके ठेवून डेकवर निजले म्हणून नातवाने गालिच्यावर चालू नये, असा काही दंडक नाही.

तथापि नव्या स्थानकाच्या झगमगाटात एका जुन्या प्रश्नाचा सर्वांस विसर पडलेला दिसतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभर तो पुनःपुन्हा विचारला जात होता. चाचणी करा, लस घ्या, तोंडाला पट्टी बांधा, बंदरात उतराल ते आमच्याच मार्गदर्शकाबरोबर आणि आमच्याच गाडीतून, आणि इतके करूनही बाधा झाली तर खोलीत कोंडून घ्या. या अटींवर तुम्ही सहलीच्या जहाजावर पाऊल ठेवाल काय? तेव्हा अनेक शहाण्या माणसांनी माना डोलावून 'कदापि नाही' असे भविष्य वर्तविले होते. हा धंदा बुडाला, ही तरंगती नगरे आता भंगारात जाणार, असे लेख रकानेच्या रकाने भरून येत होते. काही जहाजे भंगारात गेलीही. मुंबईहून चालणारे 'कर्णिका' २०२० साल संपण्यापूर्वीच अलंगच्या किनाऱ्यावर मोडीसाठी चढले.

परंतु त्या भविष्याचे पुढे काय झाले? जहाज-कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे आकडे असे आहेत की, २०१९ साली सुमारे २ कोटी ९७ लक्ष लोकांनी सागरी सहली केल्या. साथीच्या दोन वर्षांत हा आकडा साठ लक्षांच्याही खाली कोसळला. आणि २०२३ साली तो ३ कोटी १७ लक्षांवर व २०२४ साली ३ कोटी ४६ लक्षांवर गेला. म्हणजे उतारू परत आले, आणि पूर्वीपेक्षा अधिक संख्येने आले. इतकेच कशाला, लस सर्वसामान्य लोकांस मिळाली नव्हती अशा नोव्हेंबर २०२० मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीने चाचणी-सफरींसाठी स्वयंसेवक मागविले. भाडे नाही, पण प्रयोगातील उंदीर व्हावयाचे, असा तो मामला होता. त्यासाठी थोड्याच दिवसांत एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली! उतारू जाईल की नाही, ही चिंता ज्यांनी वाहिली त्यांनी मनुष्यस्वभाव ओळखला नाही, एवढेच म्हणावयाचे. घरात कोंडलेला माणूस समुद्राचे नाव काढताच दार उघडून उभा राहतो.

उतारूच्या हौसेचा निकाल असा लागून गेला आहे. तो नियम पाळील काय आणि कुठवर पाळील, हे मात्र अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे, आणि त्याची काही बोलकी उदाहरणे आहेत. १६ ऑगस्ट २०२० रोजी जिनोव्हा बंदरातून 'एमएससी ग्रँडिओसा' हे जहाज निघाले. साथीनंतर पुन्हा सफरीवर निघालेले ते भूमध्य समुद्रातील पहिले मोठे जहाज. चढण्यापूर्वी प्रत्येकाची चाचणी झाली, आणि किनाऱ्यावर उतरावयाचे ते कंपनीच्या घोळक्यातूनच, अशी अट होती. नेपल्सच्या मुक्कामात एक कुटुंब त्या घोळक्यातून बाहेर पडून आपल्या मनाने फिरावयास गेले. परत आले तेव्हा त्यांना जहाजावर घेतले नाही. त्या कुटुंबाने काही मोठा अपराध केला होता असे आम्हांस वाटत नाही. इटालीत जाऊन इटाली पाहावीशी वाटणे ही साधी गोष्ट आहे. पण त्या दिवशी कप्तानाने त्यांना पुन्हा चढू दिले असते, तर उरलेल्या सर्व उतारूंनी आठवडाभर पाळलेल्या शिस्तीला काडीचीही किंमत उरली नसती.

दुसरे उदाहरण सिंगापूरचे आहे. तेथील सरकारने नोव्हेंबर २०२० पासून 'कोठेही न जाणाऱ्या' सफरींस परवानगी दिली. जहाजाने समुद्रात फेरी मारावयाची आणि कोणत्याही परक्या बंदरास न लागता माघारी यावयाचे. उतारू केवळ सिंगापूरचे रहिवासी, निम्म्याच खोल्या भरलेल्या, प्रत्येकाची आधी चाचणी आणि प्रत्येकाजवळ संपर्क नोंदविणारे यंत्र. डिसेंबरात 'क्वांटम ऑफ द सीज' या जहाजावर एक ८३ वर्षांचे गृहस्थ पोटाच्या तक्रारीसाठी दवाखान्यात गेले असता त्यांना कोविड असल्याचे निघाले. जहाज तत्काळ सिंगापूरला परतले, आणि सुमारे सतराशे उतारू कित्येक तास आपापल्या खोल्यांत बसून राहिले. पुढे किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत फेरतपासणी झाली आणि त्या गृहस्थांस रोग नसल्याचे निष्पन्न झाले! मधल्या काळात दंगा झाला नाही, आक्रोश झाला नाही. जहाज कोणत्या धक्क्यास लागणार, आजाऱ्यास कोणी न्यावयाचे, तपासणी कोणी करावयाची, हे सारे जहाज निघण्यापूर्वीच ठरलेले होते. नियम जाचक असला तरी तो आगाऊ माहीत असेल आणि त्यामागे एक जबाबदार सरकार उभे आहे असे दिसत असेल, तर माणूस तो सोसतो. ऐनवेळी, घाबरलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडून निघालेला नियम कोणालाच सोसवत नाही.

या ऐनवेळच्या नियमांनी काय अनर्थ होतो, ते जगाने 'डायमंड प्रिन्सेस'वर पाहिले. फेब्रुवारी २०२० च्या आरंभी हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात आले तेव्हा त्यावर २,६६६ उतारू आणि १,०४५ कर्मचारी मिळून ३,७११ माणसे होती. हाँगकाँगला उतरून गेलेल्या एका उतारूस रोग असल्याचे १ फेब्रुवारीस कळले होते. ५ फेब्रुवारीपासून उतारूंना आपापल्या खोल्यांत राहण्याचा हुकूम झाला. साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांनी त्या खोल्यांची वर्णने दिली: कोणाला सज्जा होता, कोणाला साधी खिडकीही नव्हती, कोणाला दिवसातून थोडा वेळ डेकवर फिरावयास मिळत असे. अखेर ७१२ जणांना बाधा झाली आणि बारा-तेरा माणसे दगावली. उतारूंचे हे हाल खरेच होते. परंतु त्या बंद दारांपर्यंत तीन वेळचे जेवण कोण पोचवीत होते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

ते पोचविणारे होते जहाजावरील कर्मचारी. त्यांच्यासाठी विलगीकरण नव्हतेच. ते दोघे-दोघे, काही ठिकाणी त्याहून अधिक, एका खोलीत निजत होते, एका भोजनगृहात एकत्र जेवत होते, एकच स्नानगृह वापरीत होते, आणि मग हातमोजे चढवून शेकडो दारांवर थाळ्या ठेवीत होते. ९ फेब्रुवारीपर्यंत ज्या २० कर्मचाऱ्यांना बाधा झाल्याचे निदान झाले, त्यांपैकी १५ जण खानपान विभागातले होते. म्हणजे उतारूस रोगापासून वाचविण्यासाठी जी व्यवस्था केली, ती चालविणाऱ्या माणसालाच रोग गाठत होता, आणि तोच माणूस पुन्हा उतारूच्या दाराशी जात होता. हे विलगीकरण कोणाचे आणि कोणापासून, असा प्रश्न एखाद्या शाळकरी पोरालाही पडला असता.

या १,०४५ कर्मचाऱ्यांत १३२ भारतीय होते. उतारूंत भारतीय होते अवघे सहा. यापरते बोलके गणित दुसरे नाही. या धंद्याशी आपला संबंध आजवर मुख्यतः कोणत्या बाजूने आला, हे त्यातून स्वच्छ कळते. जहाजावरील काही भारतीय तरुणांनी मोबाईलवर चित्रफीत काढून आपल्या पंतप्रधानांस 'आम्हांस सोडवा' अशी विनवणी केली, ती त्या वेळी घरोघर पाहिली गेली. २७ फेब्रुवारी २०२० रोजी एअर इंडियाच्या खास विमानाने ११९ भारतीय दिल्लीस परत आणले गेले आणि त्यांना मानेसर येथील छावणीत ठेवण्यात आले. सोळा जण आजारी म्हणून जपानातच उपचार घेत राहिले. सरकारने हे काम चोख केले, आणि त्याचे श्रेय द्यावयास आम्ही कचरत नाही.

पण त्या विमानात बसलेल्यांची संख्या शेकड्यांत होती. जगाच्या समुद्रांवर अडकलेले आपले लोक हजारांनी होते. मार्च २०२० मध्ये जहाजांचे उतारू उतरले, घरोघर गेले, आणि कर्मचारी मात्र रिकाम्या जहाजांवर महिनोन् महिने राहिले. कोणतेही बंदर त्यांना उतरू देईना, आणि उतरले तरी घरी न्यावयास विमान नव्हते. गोव्यात ज्यास 'तारवटी' म्हणतात तो वर्ग तर याच धंद्यावर पिढ्यान् पिढ्या जगत आला आहे. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या निरनिराळ्या गावांचे जे 'कूड' आहेत, तेथे ट्रंक खाटेखाली सरकवून पुढल्या बोटीची वाट पाहणारे हे लोक एकेकाळी शेकड्यांनी दिसत. आज त्यांचे नातू आणि त्यांच्याबरोबर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, ठाणे-वसईतली मुले या तरंगत्या हॉटेलांत स्वयंपाक करतात, खोल्या आवरतात, यंत्रे चालवितात. त्यांचे आईबाप त्या उन्हाळ्यात रोज एकच प्रश्न विचारीत होते: जहाज कुठे आहे? 'मरेला डिस्कव्हरी' हे जहाज तर सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांसह मुंबईच्याच समुद्रात येऊन उभे होते. स्वतःच्या शहराचे दिवे दिसावेत आणि पाय ठेवता येऊ नये, अशी ती अवस्था! खलाशांना उतरवून घेण्याचे नियम २१ एप्रिलला निघाले आणि २३ एप्रिल २०२० रोजी ही मंडळी अखेर धक्क्यावर उतरली. टाळेबंदी सुरू होऊन तोवर जवळजवळ महिना लोटला होता. तेव्हा तहान लागल्यावर विहीर खणली गेली. ती खणली तरी गेली, असे समाधान त्या वेळी मानता आले. पुढच्या वेळीही तेच समाधान मानावयाचे काय?

कोणी म्हणेल, ही सारी पहिल्या घबराटीच्या काळातील कथा. पुढे लस आली, नियम आले आणि गाडी रुळावर आली. हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या सत्याला त्याचे माप दिले पाहिजे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सफरबंदी उठवून सशर्त परवानगीचा हुकूम काढला. चाचण्या, विलगीकरणाच्या राखीव खोल्या, बंदरांशी व रुग्णालयांशी आगाऊ लेखी करार, अशा त्यात तपशीलवार अटी होत्या. अमेरिकन बंदरातून पहिले मोठे जहाज उतारू घेऊन निघाले ते २६ जून २०२१ रोजी, म्हणजे सव्वा वर्षाने. फ्लॉरिडा राज्य या हुकुमाविरुद्ध न्यायालयात गेले आणि काही अंशी जिंकलेही. कंपन्यांनी मात्र सरकारशी भांडणाऱ्या आपल्या राज्याचा हात न धरता बहुतेक अटी आपणहून चालू ठेवल्या. धंदा कशावर चालतो हे पुढाऱ्यांपेक्षा व्यापाऱ्याला लवकर कळते, याचा हा एक नमुना. जून २०२१ मध्ये कॅरिबियन समुद्रातील एका जहाजावर एकाच खोलीतील दोन उतारू बाधित निघाले. त्यांना वेगळे केले आणि प्रकरण तेथेच मिटले. त्या काळात लसवंत उतारूंचे जहाज हे एखाद्या लग्नाच्या मांडवापेक्षा अधिक सुरक्षित होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या लोकलच्या डब्याशी तर तुलनाच नको.

मग आला ओमायक्रॉन. १५ ते २९ डिसेंबर २०२१ या पंधरवड्यात अमेरिकन सागरी हद्दीतील सफरींवर ५,०१३ जणांना बाधा झाल्याची नोंद झाली. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात हा आकडा होता १६२. तेच नियम, तीच जहाजे, तेच लसवंत उतारू. बदलला होता तो केवळ विषाणू. लसीमुळे बहुतेकांस आजार सौम्य गेला, ही लसीची पुण्याई. परंतु चाचणीचे प्रमाणपत्र म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हे त्या पंधरवड्याने शिकविले.

आणि नेमक्या त्याच सुमारास तो धडा आपल्या दाराशी येऊन उभा राहिला. नववर्षाच्या मेजवानीसाठी मुंबईहून गोव्यास गेलेल्या 'कॉर्डेलिया' जहाजावर एक कर्मचारी बाधित निघाला. मुरगाव बंदरात जहाज थांबविण्यात आले, जवळजवळ दोन हजार माणसांच्या तपासण्या झाल्या आणि ३ जानेवारी २०२२ रोजी त्यांतील ६६ जण बाधित असल्याचे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. मग एक-दोन दिवस तोच खेळ झाला. उतारू जहाजावर, अधिकारी धक्क्यावर, आणि निर्णय अधांतरी. शेवटी जहाज, बाधित आणि अबाधित असे दोन्ही प्रकारचे उतारू पोटात घेऊन, मुंबईस परतले आणि पुढचे सारे मुंबई महापालिकेच्या गळ्यात पडले.

गोव्याने आपल्या नागरिकांची काळजी घेतली म्हणून आम्ही त्यास दोष देणार नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या न्यायाने मुरगावच्या अधिकाऱ्यांपुढे सिडनीचे उदाहरण होतेच. १९ मार्च २०२० रोजी 'रुबी प्रिन्सेस'वरील सुमारे २,७०० उतारूंना तपासणीचे निकाल हाती येण्यापूर्वीच सिडनीत मोकळे सोडण्यात आले, आणि त्या एका जहाजाशी २८ मृत्यू जोडले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालात तेथील आरोग्यखात्याचे वाभाडे निघाले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य न्यायालयाने जहाज चालविणाऱ्यांनाही निष्काळजी ठरविले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेथील सर्वोच्च पीठाने तिकिटामागील बारीक अक्षरांतली, उतारूंना एकत्र दावा लावण्यास मज्जाव करणारी अट अन्याय्य म्हणून बाजूस सारली. आमच्याकडील किती उतारू तिकिटामागची ती बारीक अक्षरे वाचतात?

पण काळजी घेणे वेगळे आणि जबाबदारी पुढच्या बंदरावर ढकलणे वेगळे. फेब्रुवारी २०२० मध्ये 'वेस्टरडॅम' जहाजास तैवान, जपान, फिलिपाइन्स, ग्वाम आणि थायलंड यांनी ओळीने दार बंद केले. आणि शेवटी त्यास आसरा दिला तो कंबोडियासारख्या गरीब देशाने. केवळ रोगाच्या भीतीने जहाजास बंदर नाकारू नये, असा आंतरराष्ट्रीय आरोग्य-नियमांतला दंडक त्या वेळी अस्तित्वात होताच. तो कागदावर होता आणि जहाज पाण्यावर होते. मुंबई ते मुरगाव हा प्रवास तर एकाच देशातील दोन बंदरांमधला. तेथेही दोन राज्यांच्या आरोग्यखात्यांत आगाऊ ठरलेली वाटणी असू नये, ही गोष्ट लाजिरवाणी होती.

मुंबईने या बाबतीत दुसऱ्या कोणाकडून धडे घ्यावेत, हेच मुळात नवल आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या रोगाचा अनुभव या शहराइतका फार थोड्या शहरांनी घेतला असेल. १८९६ सालच्या सप्टेंबरात गोदीजवळच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगास या मूळ गोवेकर डॉक्टरांनी. आणि हाँगकाँगकडून आलेल्या जहाजांबरोबर तो येथे उतरला असे मानले जाते. पुढच्याच वर्षी युरोपातील राष्ट्रे व्हेनिस येथे परिषदेस बसली, ती मुंबईचा रोग आपल्याकडे येऊ नये म्हणून! तेव्हा जगाच्या लेखी 'रोगी जहाज' म्हणजे मुंबईहून सुटलेले जहाज. जिला दार बंद होत होते, ती आपणच होतो. त्यानंतर १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्यास होता. आणि त्या इन्फ्लुएन्झाने पुढे देशात किती लाख बळी घेतले, ते इतिहासात नमूद आहे. धक्क्यावरचा शिपाई, हमाल, टॅक्सीवाला आणि त्यांच्यामागे वस्तीतली माणसे यांना कोणीच विचारले नव्हते की, या नियमांखाली हे जहाज आलेले तुम्हांस चालेल काय?

म्हणून आमचे असे स्पष्ट मत आहे की, 'उतारू जातील काय' हा प्रश्न आता उतारूंवर सोपवून द्यावा. त्यांच्यापाशी पैसा आहे, पर्याय आहेत, नको वाटल्यास तिकीट न काढण्याची मुभा आहे. ते आपली काळजी घेण्यास समर्थ आहेत. ज्यांना तिकीट न काढण्याची मुभा नाही, अशी माणसे दोन आहेत: एक, सहा-नऊ महिन्यांच्या करारावर जहाजाच्या पाण्याखालच्या मजल्यावर निजणारा कर्मचारी; आणि दुसरा, जहाज ज्या धक्क्यास लागते त्या शहराचा रहिवासी. साथीचे नियम करावयाचे ते या दोघांकडे पाहून. त्यांचे रक्षण झाले की उतारूचे आपोआप होते, हे 'डायमंड प्रिन्सेस'च्या पंधरा खानसाम्यांनी दाखवून दिले आहे.

आम्ही स्वतः जाऊ काय, असे कोणी आम्हांसच विचारील. अवश्य जाऊ. पण तिकीट काढण्यापूर्वी, खोलीला सज्जा आहे काय याच्या आधी, कर्मचाऱ्यांच्या एका खोलीत किती माणसे निजतात आणि साथ आल्यास त्यांच्यासाठी राखीव खोल्या किती, हे विचारू. जहाजावर ध्वज कोणाचा, हेही विचारू. 'डायमंड प्रिन्सेस'चा ध्वज ब्रिटिश, ते चालविणारी कंपनी अमेरिकन आणि धक्का जपानी. जबाबदारीची वेळ आली तेव्हा तिघेही एकमेकांकडे पाहत राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही. असले प्रश्न विचारणारा उतारू एजंटाच्या कचेरीत विक्षिप्त ठरेल, हे खरे. दहा जणांनी विचारले तर मात्र छापील पत्रकात उत्तर येऊ लागेल. पोहण्याचा तलाव किती फूट लांब, हे जसे आज येते, तसे.

कायद्याची बाजूही अगदीच लंगडी राहिलेली नाही. खलाशांच्या हक्कांसंबंधीचा २००६ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात २०२२ साली दुरुस्त्या झाल्या आणि त्या २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आल्या. आजारी खलाशास तातडीच्या उपचारांसाठी विनाविलंब किनाऱ्यावर उतरू द्यावे, अडकलेल्यांस मायदेशी लवकर पाठवावे, आणि संरक्षक साहित्य प्रत्येकाच्या मापाचे असावे, अशा त्या आहेत. भारताने हा करार २०१५ सालीच मान्य केलेला आहे. प्रश्न आहे तो मुंबईच्या धक्क्यावर त्याची अंमलबजावणी कोण करणार याचा. बंदराचे प्राधिकरण केंद्राचे, बंदरावरचा आरोग्याधिकारी केंद्राचा, रुग्णालये महापालिकेची आणि राज्याची, पोलीस राज्याचे. 'कॉर्डेलिया' परतली त्या संध्याकाळी या सर्वांना एकमेकांचे दूरध्वनी शोधावे लागले नसतील, अशी आशा आम्ही करतो; पण पैज लावावयास आम्ही तयार नाही.

नव्या स्थानकाच्या इमारतीत तपासणीचे कक्ष, सामानाचे पट्टे, वाहनांची जागा यांचा विचार झालेला आहे. तेथे बाधित माणसाला इतरांपासून निराळे धक्क्यावरून रुग्णवाहिकेपर्यंत नेण्याची वाट कोणती? अशा जहाजावरील दोनशे माणसे एकाच वेळी उतरवावी लागली तर ती ठेवावयाची कोठे, आणि तो खर्च कंपनीचा की करदात्याचा? त्यासाठी कंपनीकडून आगाऊ अनामत घ्यावी, असे आम्ही सुचवितो. जी कंपनी पाच दिवसांच्या सफरीसाठी उतारूकडून सारे पैसे आधी मोजून घेते, तिला ही पद्धत अपरिचित वाटू नये. मुरगाव, कोची, मंगळूर आणि मुंबई यांनी आपसांत लेखी ठरवून टाकावे की, ज्या बंदरात रोग उघडकीस येईल तेथे रुग्ण उतरतील, आणि उरलेल्यांस मूळ बंदर स्वीकारील. आणि या सर्व व्यवस्थेत कर्मचाऱ्यांची गणना उतारूंच्या बरोबरीने व्हावी. आधी उतारू आणि जागा उरल्यास खलाशी, असे होता कामा नये.

आज कोणतीही साथ नाही. जहाजांवर मधूनमधून उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस उठतो, तेवढाच. ही कामे करावयाची वेळ हीच. पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून सहलीच्या जहाजांचा हंगाम सुरू होतो. त्या हंगामातले पहिले जहाज इंदिरा गोदीस लागण्यापूर्वी मुंबई बंदर प्राधिकरणाने आणि महापालिकेने आपली संयुक्त योजना मराठीत व इंग्रजीत छापून प्रसिद्ध करावी, आणि तिची एक प्रत स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर व दुसरी प्रत्येक जहाजाच्या कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात लावावी.